बदकाची शरणागती

नंदू,

भाड्याचा पलंग आज परत गेला. दोघं जण आले होते. त्यातला एक पलंगाचा दांडा फिरवून फिरवून बघत होता, जणू मी तो मुद्दाम वाकवून ठेवला असेल. श्वासाचं मशीन, त्याचे दोन मास्क, हवेची गादी, घशातला कफ ओढायचं यंत्र, सगळं त्यांनी दारातल्या टेंपोत चढवलं. शेवटी दुसऱ्याने कोपऱ्यातला पोळपाट उचलला, त्याच्यावर पट्ट्यांनी बांधलेला कंट्रोलर उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "दिदी, एटाओ आमादेर?" हेही आमचंच का?

"ना," म्हटलं, "ओटा आमादेर." ते आमचं आहे.

तो मान डोलावून गेला. मी दार लावलं, पलंगाखालची फरशी पुसून घेतली आणि लिहायला बसले.

इथल्या मराठी मंडळाच्या शोकसभेत तुझ्याविषयी सगळं सांगून झालं आहे. जन्म कुठला, शाळा कुठली, नोकरी कुठली. मनमिळाऊ स्वभाव, असंही एकजण म्हणाले. मी पहिल्या रांगेत होते म्हणून हसू आवरलं. नंतर म्हणाले, अंकासाठी दोन पानं लिहा. तुझ्याविषयी मला नाही लिहिता येणार. तुझ्याशी माझं भांडण मात्र अर्धं राहिलंय, तेवढं लिहिते. ज्यांना वाचायचंय त्यांनी वाचावं.

वर बदक लिहिलंय ते दिसलं असेल. तो हंस आहे, मान बघ, चोच बघ, असं तू वर्षानुवर्षं सांगत आलास. मला ते बदकच दिसतं. तक्रार असेल तर येऊन कर.

आई गेल्यावर आपली काय गत झाली होती, आठवतं? बाबा आधीच गेले होते. गार्डन रीचच्या रेल्वे क्वार्टरमध्ये एकमेकांचे केस उपटत वाढलेले आपण दोघं. तू न्यू टाउनच्या फ्लॅटमध्ये एकटा, मी लग्न होऊन सॉल्ट लेकला शुभ्रोच्या घरी. रविवारी मी डबा घेऊन तुझ्याकडे यायचे.

"जेवतोस ना वेळेवर?"

"हो."

"ऑफिस?"

"ठीक."

मग पंख्याचा आवाज. आपल्याला एकमेकांशी बोलायला मध्ये आई लागत असे, हे ती नसताना लक्षात आलं. चहा संपला की मी पर्स शोधायला लागायचे. अशाच एका रविवारी तू माझ्या हातात बटणांचा एक काळा ठोकळा दिलास.

"हे काय?"

"बटणं दाब."

"कुठली?"

"कुठलीही दाब, ताई. म्हैस मारते आपोआप."

वाचणाऱ्यांसाठी सांगते: हा दोघांनी खेळायचा व्हिडिओ गेम आहे आणि अतिशय मूर्ख आहे. पाण्याच्या मधोमध एक गोल रिंगण असतं. त्यात कार्टूनमधले दोन प्राणी उभे राहतात आणि एकमेकांना मासे, छत्र्या, लाटणी, जे हाती लागेल त्याने बडवतात. जसजसा वेळ जातो तसतशा रिंगणाच्या कडा ढासळत येतात. जो बाहेर जाईल तो डुबुक करून पाण्यात. यात शिकण्यासारखं काही नाही. तू डोक्यावर बादली घातलेलं बदक घेतलंस, त्याचं नाव भाऊसाहेब. मला झालरीचा स्कर्ट घातलेली म्हैस दिलीस, तिचं नाव तूच ठेवलंस, कमळाबाई. मी तक्रार केली तेव्हा म्हणालास, "स्वभावाला शोभेल अशी दिलीय."

पहिल्याच दिवशी कमळाबाईने भाऊसाहेबांना पाण्यात घातलं आणि माझ्या तोंडून निघालं, "मर मेल्या!" लहानपणानंतर प्रथमच. तू इतका हसलास की कंट्रोलर खाली पडला.

त्यानंतर आपण बोलायला लागलो. म्हणजे शिव्या द्यायला लागलो, पण आपल्या घरात तेच बोलणं होतं. या शहरात आपलं मराठी राहिलं होतं कुठे? ऑफिसात इंग्रजी-हिंदी, बाजारात बंगाली, घरी शुभ्रोशी बंगाली. मंडळात वर्षातून चारदा, तेही नेसून-सवरून, जपून. गाढवा, टोणग्या, टाळकं फोडीन, कुठे तोंड काळं करतोस, ये की समोर, हे सगळं त्या रिंगणात परत आलं. तू कधी आमच्याकडे यायचास तेव्हा शुभ्रो शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसायचा. सुरुवातीला त्याला खरोखर वाटायचं की आपण आईच्या दागिन्यांवरून भांडतोय. मग तो सरावला. लग्नाला इतकी वर्षं होऊन त्याला मराठी आलं नव्हतं, ते या गेममुळे शिव्यांपुरतं आलं. हल्ली तो डासाला मारताना "मर मेल्या" म्हणतो, आणि उच्चार असा गोल की डासही थांबून ऐकत असेल.

एक नियम होता आपला. त्या गेममध्ये हरायला आलेला प्राणी शरण जाऊ शकतो. कंट्रोलरच्या पुढच्या अंगाची दोन्ही बटणं एकदम दाबली की तो उताणा पडतो, पाय वर करतो आणि पांढरी चड्डी फडकवतो. मग जिंकणाऱ्याला पडद्यावर दोन चित्रं दिसतात. एक बरोबरची खूण, एक बूट. खूण दाबली तर शरणागती घेतली. बूट दाबला तर लाथ, आणि समोरचा पाण्यात.

आपण कायम बूट दाबला. म्हणजे मी दाबला, कारण शरण जायचास तू. मी कधी गेले नाही. ती दोन बटणं मी आयुष्यात एकत्र दाबली नव्हती. तू गंमत म्हणून जायचास, चड्डी बघायला.

"एकदा घेऊन तर बघ ना, ताई. पुढे काय होतं ते कळेल."

"कळून काय करायचंय?"

"काहीतरी केलं असेल की बनवणाऱ्यांनी."

"इंटरनेटवर बघ मग."

"छे. ती चीटिंग." आणि भाऊसाहेब पाण्यात. डुबुक.

आजारही आधी तिथेच दिसला. बदक उशिरा उडी मारायला लागलं. मी म्हटलं, आळशी झालास. तू हात समोर धरून बघत होतास. "अंगठा ऐकत नाहीये," म्हणालास. मी झोप नीट घे म्हणून सांगितलं. झोपेचा काही संबंध नव्हता. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात, असा तो आजार. हात, मग पाय, मग जीभ, मग गिळणं, मग श्वास. डॉक्टरांनी क्रम सांगितला आणि तू तो पाळलास. बाकी कुठल्या गोष्टीत इतका शिस्तीचा नव्हतास.

मला रडायला वेळ नव्हता. तुला आमच्या तळमजल्यावर आणलं, न्हाणीघरात दांडे बसवले, आजाऱ्यांसाठी बाया पुरवणाऱ्या आया सेंटरमधून मालतीदीला ठेवलं. अंगठा गेला तेव्हा आईच्या पोळपाटावर कंट्रोलर बांधला, त्याच्या दिशा फिरवायच्या दांडीवर खोकल्याच्या औषधाचं झाकण चिकटवलं, म्हणजे तुला तळहाताने ढकलता येईल. मारायचं आणि उडी मारायचं काम पुढच्या दोन बटणांवर नेऊन ठेवलं, कारण तर्जन्या तेवढ्या शिल्लक होत्या. तू पोळपाट मांडीवर घेऊन म्हणालास, "आईने बघितलं असतं तर यानेच मारलं असतं."

मी तुला कधी जिंकू दिलं नाही. हे लोकांना विचित्र वाटतं. मालतीदीला तर फारच. ती बदकाच्या बाजूची. "दिदी, रुगी मानुष, एकटू छेड़े दाओ ना!" आजारी माणूस आहे, जरा सोड की. तेव्हा तुझं बोलणं आधीच जड झालं होतं, तरी तू तिला अडखळत सुनावलंस, "केनो छाड़बे?" का म्हणून सोडेल? हळूहळू तुझं बोलणं तिला कळेना, मग शुभ्रोला कळेना. मला शेवटपर्यंत कळत होतं. त्यात माझं काही कौतुक नाही. तू काय म्हणणार हे मला आधीच माहीत असे.

आता भांडण.

श्वास कमी पडायला लागला की गळ्याला छिद्र पाडून नळी घालतात आणि मशीन लावतात. मग माणूस वर्षानुवर्षं राहू शकतो. हलत नाही, बोलत नाही, पण राहतो. मी सगळी चौकशी केली होती. खोली मोजली होती, वीज गेली तर काय याची सोय बघितली होती, रात्रपाळीच्या बाईशी बोलले होते. तू म्हणालास, "मला नको."

"आधी वेळ तर येऊ दे."

"आली की मला बोलता येणार नाही. म्हणून आता सांगतोय."

"बरं, ऐकलं. खेळ."

"ऐकलंस, पण घेतलं नाहीस."

कमळाबाईने छत्री उचलली होती. दुसऱ्या दिवशी तू परत काढलंस, तिसऱ्या दिवशी मी. मी म्हटलं, डोळ्यांनी चालवायचे संगणक असतात, माणसं पुस्तकं लिहितात. तू म्हणालास, मी धड असताना पोस्टकार्ड लिहिलं नाही. मी म्हटलं, तुझं काय, तू सुटशील. मग एकेक शब्द ओढत म्हणालास, "ताई, तू कुणाला हरू देत नाहीस."

"रोज हरवते की तुला."

"ते मारणं झालं."

मालतीदी पेज घेऊन आली आणि ते तिथेच राहिलं. पुढे पेजही बंद झाली, पोटातल्या नळीतून दूध सुरू झालं.

तुझा शेवटचा खेळ दुपारचा. मी ऑफिसमधून अर्धी रजा घेऊन आले होते. तू मशीनचा मास्क थोडा वेळ काढायला लावलास आणि नजरेने टीव्ही दाखवलास. पोळपाट मांडीवर ठेवला, तुझी बोटं मीच नेऊन बटणांवर ठेवली. रिंगण सुरू झालं. बदक जागचं हललं नाही. मी म्हशीला घेऊन जवळ आले, लाटणं उचललं, तोवर बदक उताणं पडलं होतं. पाय वर, चड्डी वर.

माझ्यासमोर दोन चित्रं आली. मी बूट दाबला. सवयीने, विचार करून नव्हे. डुबुक.

तू हसलास. निदान मला तसं वाटलं. त्या महिन्यांत तुझं हसणं आणि रडणं यांच्यातला फरकच गेला होता. चेहरा एकाच बाजूला ओढला जायचा, आवाज एकच यायचा, तुला स्वतःला आवरता येत नसे. डॉक्टर म्हणाले होते, तेही त्या आजाराचंच. मी मास्क परत लावला आणि तोंड पुसून दिलं. मालतीदीने विचारलं, दादा हसतोय का? मी हो म्हटलं.

त्याच आठवड्यात तुला रुग्णालयात न्यावं लागलं. पुढचं तुलाही माहीत आहे, पण मला ते एकदा क्रमाने सांगू दे, कारण तिथे तुझं ते मराठी कळणारे आपण दोघंच होतो आणि त्यातला एक आता नाही.

डॉक्टर तरुण होती, सभ्य होती. तिने पलंगाशी वाकून तुला इंग्रजीत विचारलं, मग बंगालीत. श्वास थकलाय, आता गळ्यातून नळी घालायची का, की नको? होकाराला डोळे एकदा मिटायचे, नकाराला दोनदा, हे तुझं ठरलेलं होतं. ते तू केलं नाहीस. तू माझ्याकडे बघितलंस आणि मास्कच्या आतून बोलायला लागलास. मराठीत. इतका वेळ लागला की डॉक्टरने घड्याळाकडे बघितलं. संपलं तेव्हा तिने मला विचारलं, "की बोललेन उनि?" काय म्हणाले ते?

तू म्हणाला होतास, "हिला विचारा. ही बया शरणागती घेत नाही."

सगळे माझ्याकडे बघत होते. डॉक्टर, नर्स, शुभ्रो. नंदू, मी काहीही सांगू शकले असते. घाला म्हणतोय, असं सांगितलं असतं तर कोण मला खोटं ठरवणार होतं? खोली मोजलेली होती. सगळी सोय झालेली होती. मला तू हवा होतास, हलता नाही तर न हलता, बोलता नाही तर न बोलता. शिव्या मी एकटीने दिल्या असत्या. हे सगळं एका क्षणात डोक्यात येतं असं म्हणतात लोक. माझ्या डोक्यात तसं काही आलं नाही. मला फक्त राग आला. चार लोकांसमोर, असल्या वेळी, तू मला चिडवत होतास. आणि ते मला एकटीलाच कळत होतं, म्हणून तर मराठीत.

मी म्हटलं, "घेते."

तुझ्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मशीनचा आवाज मोठा होता. मी परत म्हटलं, मोठ्याने, "घेतली रे!" नर्स दचकली. मग डॉक्टरला सांगितलं, नळी नको म्हणतोय. ती म्हणाली, माझी खात्री व्हायला हवी, आणि तिने तुला पुन्हा विचारलं. या वेळी तू नीट डोळे मिटलेस. दोनदा. मग तिने श्वासाची तडफड होऊ नये म्हणून औषध सुरू केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलास. मी तुझ्या पायाशी होते. डोक्याशी शुभ्रो होता आणि "नंदू, नंदू" करत होता. स्मशानात विद्युतदाहिनीला रांग होती. आपल्या पुढे एक म्हातारी होती, तिची नातवंडं चहा पीत होती. आम्हीही प्यायलो.

मला माहीत नाही तू माझं "घेते" ऐकलंस का. हे एक राहिलं.

दुसरं ते दुपारचं. मी स्वतःला सांगत आले की बोट घसरलं असणार. तर्जन्या दोन्ही त्याच दोन बटणांवर मीच ठेवल्या होत्या, दोन्ही एकदम दाबल्या गेल्या, झालं. गेम आहे तो. उगाच त्यात अर्थ शोधत बसायची मला सवय नाही.

आज पलंग गेल्यावर त्या जागी फरशीवर बसले. टीव्ही लावला. तुझा पोळपाट मांडीवर घेतला, माझा कंट्रोलर गुडघ्याशी ठेवला. बादलीवालं बदक, झालरवाली म्हैस. कुणी हलत नव्हतं. मी पोळपाटावरची दोन बटणं एकदम दाबली.

काही झालं नाही. बदकाने नुसतं लाटणं फिरवलं आणि एक उडी मारली. परत दाबली. परत उडी. तेव्हा कळलं की ती नुसती दाबून चालत नाहीत. दोन्ही एकसारख्या जोराने दाबून धरून ठेवावी लागतात, बरीच. बदक आधी गुडघ्यावर येतं, मग बसतं, मग आडवं होतं, आणि चड्डी वर येईपर्यंत बोट जरा जरी सैल पडलं तर उठून उभं राहतं. माझी धडधाकट बोटं दुखायला लागली.

म्हणजे घसरलं नव्हतं.

त्या बोटांनी तू ती धरून ठेवली होतीस. मी लाटणं घेऊन अंगावर येत होते तितका वेळ धरून ठेवली होतीस, आणि मी बूट दाबला. रागावलास का? की पुढे काय होतं तेवढंच बघायचं होतं तुला? तुझ्या बाबतीत दोन्ही शक्य आहे. मला वाटतं दोन्ही होतं.

बदक उताणं पडलं होतं. म्हशीच्या डोक्यावर खूण आणि बूट. मी खूण दाबली.

रिंगणाच्या कडा ढासळायच्या थांबल्या. कमळाबाई धप्पकन खाली बसली. स्कर्टच्या खिशात हात घालून तिने एक अख्खं कलिंगड बाहेर काढलं, कपाळावर आपटून फोडलं आणि अर्धं भाऊसाहेबांच्या पुढे ठेवलं. भाऊसाहेब उठले, डोक्यावरची बादली काढून बाजूला ठेवली. बादलीखाली तुरा आहे रे, तीन केसांचा. मग दोघं खायला लागले. खात होते आणि बिया पाण्यात थुंकत होते. डुबुक, डुबुक. गुण आले नाहीत, विजेता आला नाही. मी आणखी काहीतरी होईल म्हणून वाट बघत राहिले. काही झालं नाही. कुणी बटण दाबेपर्यंत ते खातच राहतात, असं दिसतंय.

शुभ्रो दारात येऊन उभा राहिला. किती वेळ उभा होता कोण जाणे. "के जितलो?" त्याने विचारलं. कोण जिंकलं?

मी मराठीतच म्हटलं, "थांब जरा. जेवतायत."

तो माझ्या शेजारी फरशीवर बसला.